गंभीर आजाराचा विमा घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

कोणी मोठ्या आजारातून उठले की भेटायला येणारा प्रत्येक जण दवाखान्याचे बिल किती झाले, हे विचारतो. त्या सहा-आठ महिन्यांत घर कशावर चालले, सोसायटीचा हप्ता कोणी भरला आणि मुलीच्या कॉलेजची फी कुठून आली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कारण दागिने गहाण ठेवले किंवा भिशी आधीच उचलली, असे त्याचे उत्तर असते आणि ते चारचौघांत सांगण्यासारखे नसते. एजंट ज्याला ‘क्रिटिकल इलनेस’ म्हणतात, तो गंभीर आजाराचा विमा या न विचारलेल्या प्रश्नासाठी असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कुटुंबांपैकी तो कोणाला लागतो, कोणाला लागत नाही आणि घ्यायचाच असल्यास कागदातील कोणत्या ओळी आधी वाचाव्यात, एवढेच येथे मांडायचे आहे.

मेडिक्लेम दवाखान्याचे बिल भागवतो. जेवढा खर्च झाला तेवढाच, आणि तोही ठरलेल्या मर्यादेत. गंभीर आजाराचा विमा बिलाकडे पाहत नाही. पॉलिसीत नाव आणि व्याख्या दिलेला आजार झाल्याचे सिद्ध झाले की ठरलेली संपूर्ण रक्कम एकदम खात्यात जमा होते, मग उपचार सरकारी रुग्णालयात फुकट झालेले असोत वा मिरजेच्या खासगी दवाखान्यात चार लाख खर्चून. त्या पैशाचे काय करायचे, हे घरातली माणसे ठरवतात. दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असतील तर दोन्हींकडून पूर्ण रक्कम मागता येते. मात्र रक्कम एकदा दिली की बहुतेक पॉलिसी तेथेच संपतात, हेही आरंभीच समजून घेतलेले बरे.

ही कल्पना एका शल्यचिकित्सकाची आहे. मारियस बर्नार्ड हे दक्षिण आफ्रिकेतील हृदयशल्यचिकित्सक. १९६७ साली केपटाउनमध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे ते धाकटे बंधू. शस्त्रक्रियेतून वाचलेले आपले रुग्ण पुढे पैशाअभावी खचतात, हे त्यांनी पाहिले आणि १९८३ मध्ये तेथील एका विमा कंपनीला असा पहिला विमा काढायला लावला. आजही या पॉलिसीचे मूळ काम तेच आहे: वाचलेल्या माणसाचे घर सावरणे.

आपल्या हाताशी आधीच काय आहे

नवीन हप्ता सुरू करण्यापूर्वी घरातल्या कार्डांची आणि कागदांची एक पिशवी काढून बसावे. कर्नाटकात ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के एवढीच मदत, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळते. तातडीचे प्रकरण नसेल तर खासगी रुग्णालयात जाण्यासाठी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते, हे अनेकांना दवाखान्याच्या दारात गेल्यावर कळते. दूध संघ, कृषी पतपुरवठा सोसायटी किंवा तत्सम सहकारी संस्थेचे सभासद असाल तर २०२२ साली पुन्हा सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत आपले नाव आहे का, हे संस्थेच्या सचिवांना विचारावे.

सीमाभागात आणखी एक कागद चर्चेत असतो. महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि पुढच्याच जानेवारीत तिचे अर्ज भरून घेणारी बेळगाव परिसरातील केंद्रे कर्नाटकातील प्रशासनाने बंद पाडली, हेही वाचकांना आठवत असेल. त्या वादात येथे शिरायचे नाही. सल्ला एवढाच की, कागदावर मंजूर झालेली योजना आणि दवाखान्याच्या काउंटरवर चालणारी योजना यांत फरक असू शकतो; म्हणून ज्या रुग्णालयात जाण्याचा विचार आहे तेथे, कोणी आजारी नसतानाच, चौकशी करून ठेवावी.

या सगळ्या योजना बिल भरतात. घरी पगार मात्र त्यांतील एकही देत नाही, आणि याला एकच मोठा अपवाद आहे, तो म्हणजे ईएसआय, अर्थात कर्मचारी राज्य विमा. उद्यमबाग किंवा मच्छे येथील फौंड्रीत, मशीनशॉपमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराची वर्गणी कापली जात असेल, तर आजारपणात त्याला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्करोगासारख्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीतील आजार असेल, नोकरीची दोन वर्षे सलग झालेली असतील आणि वर्गणीचे दिवस पुरेसे भरलेले असतील, तर वेतनाच्या ८० टक्के रक्कम कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ज्याच्याकडे हे आहे त्याच्याकडे गंभीर आजाराच्या विम्याचा निम्मा-अधिक भाग आधीच आहे. तरीही त्याच फौंड्रीच्या फाटकावर एजंट त्याला नवी पॉलिसी विकून जातो, कारण ईएसआय कार्ड म्हणजे फक्त औषधाच्या गोळ्या, अशी आपली समजूत झालेली आहे.

व्याख्या हीच पॉलिसी

आमच्या खानापूर तालुक्यातील मामांना काही वर्षांपूर्वी छातीत दुखू लागले. अँजिओग्राफी झाली, दोन स्टेन्ट बसले आणि तीन दिवसांत ते घरी आले. त्यांच्याकडे गंभीर आजाराची पॉलिसी होती, यादीत ‘हृदयविकार’ होता. म्हणून मामींनी निर्धास्तपणे दावा दाखल केला आणि तो नामंजूर होऊन आला. कंपनीने फसवले, असेच सर्वांना वाटले. मी पॉलिसीचे पुस्तक घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की, फसवणूक झाली असेल तर ती विकताना झाली होती. पुस्तकात सगळे लिहिलेले होते. हृदयाशी संबंधित म्हणून तेथे पहिला हृदयविकाराचा झटका आणि बायपास शस्त्रक्रिया होती, आणि बायपासच्या खालीच अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेन्ट बसवणे, वगळल्याचे म्हटले होते. मामांना झटका आलेला नव्हता. रक्तवाहिनी अरुंद झाल्याने दुखत होते.

म्हणून यादीत किती आजार आहेत, हे मोजत बसण्यापेक्षा मुख्य चार आजारांची व्याख्या वाचणे अधिक उपयोगाचे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये अशा २२ आजारांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या, त्यामुळे कंपनी बदलली तरी त्यांचा गाभा बहुधा सारखाच राहतो.

कर्करोगाच्या व्याख्येत ‘विशिष्ट तीव्रतेचा’ असे शब्द असतात. गाठ घातक आहे आणि आसपासच्या निरोगी पेशींत शिरली आहे, हे बायोप्सीतून दिसावे लागते. जागच्या जागी असलेला, न पसरलेला प्रारंभिक कर्करोग, त्वचेच्या कर्करोगाचे काही साधे प्रकार, थायरॉइड आणि प्रोस्टेटचे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोग यांना पूर्ण रक्कम मिळत नाही. स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा आजार तपासणीत लवकर सापडला, तर वैद्यकीयदृष्ट्या ती आनंदाची गोष्ट असते आणि नेमक्या त्याच कारणाने दावा बसत नाही, असा हा विचित्र हिशेब आहे. काही पॉलिसी अशा सुरुवातीच्या अवस्थेसाठी रकमेचा काही भाग देतात. घरातील स्त्रीसाठी पॉलिसी घेताना हे कलम आहे का, ते जरूर पाहावे.

हृदयविकाराच्या झटक्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: झटक्याची लक्षणे, ईसीजीमधील नवे बदल आणि ट्रोपोनिनसारख्या रक्ततपासणीतील वाढ. नुसती छातीतील कळ किंवा अँजायना पुरत नाही. अँजिओप्लास्टी हा स्वतंत्र आजार म्हणून काही पॉलिसींत असतो, पण त्याची रक्कम अनेकदा कमी ठेवलेली असते.

पक्षाघाताच्या बाबतीत मज्जासंस्थेची हानी किमान तीन महिने टिकलेली असावी लागते. तोंड वाकडे झाले, वाचा गेली आणि दोन दिवसांत सगळे पूर्ववत झाले, तर तो दावा होत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी होऊन नियमित डायलिसिस सुरू व्हावे लागते किंवा प्रत्यारोपण व्हावे लागते. क्रिएटिनिन वाढले आहे, एवढे पुरेसे नाही.

दोन मुदती याखेरीज आहेत. पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारणपणे पहिल्या ९० दिवसांत निदान झालेल्या आजाराला काही मिळत नाही. शिवाय निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, पुष्कळ पॉलिसींत ३० दिवस, हयात असावा लागतो. झटका आला आणि माणूस पाचव्या दिवशी गेला, तर अशा पॉलिसीतून घराला एक रुपयाही मिळत नाही. ज्यांच्याकडे साधा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घराला रक्कम देणारा विमा, नाही, त्यांनी आधी तो घ्यावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने. माझ्या मते क्रम असा असावा: सरकारी योजनेत नाव किंवा मेडिक्लेम, मग कमावत्या माणसाचा टर्म विमा आणि त्यानंतर गंभीर आजाराचा विमा. पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरी चढण्यात शहाणपण नाही.

कोणाला लागतो

स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी एक वर्ष अंथरुणाला खिळलो तर घरात येणारा पैसा थांबतो का?

निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन आजारपणात थांबत नाही; त्यांना बिलाची चिंता असते, मिळकतीची नसते, आणि साठीनंतर या विम्याचा हप्ताही जड होतो. त्यांनी तेच पैसे मेडिक्लेमची मर्यादा वाढवण्यासाठी वापरावेत. अथणी-चिकोडी पट्ट्यातील बागायतदाराचा ऊस मालक आजारी असला तरी वाढतो आणि कारखान्याचे बिल येते, भाऊबंद तोड सांभाळतात. त्याची गरज मध्यम म्हणावी लागेल, मात्र डोक्यावर ट्रॅक्टरचे किंवा पाइपलाइनचे कर्ज असेल तर ती वाढते. वडगाव-शहापूरचा यंत्रमागधारक, स्वतः लेथवर उभा राहणारा छोटा कारखानदार, रिक्षाचालक, किराणा दुकानदार, ईएसआयच्या मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेला खासगी नोकरदार यांची मिळकत मात्र माणूस खाली बसला त्या दिवसापासून थांबते. पस्तीस ते पन्नास या वयात, मुले शिकत असताना आणि कर्ज फिटायचे असताना, या लोकांना हा विमा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. आई-वडिलांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार किंवा कर्करोग झालेला असेल, तर त्याचाही विचार करावा.

निपाणी भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचा विषय अवघड आहे. त्यांच्या मजुरीवर घराचा मोठा भाग चालतो, पण मिळकतीचा नीट पुरावा मागितला की हात रिकामे, आणि पुराव्याशिवाय कंपन्या रक्कम कमी ठेवतात किंवा पॉलिसीच नाकारतात. अशा घराने ओढाताण करून मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा योजनेतील नाव पक्के करावे, वर्षातून एकदा तोंडाची आणि स्तनाची तपासणी करून घ्यावी आणि मिळेल ती लहान रक्कम परवडत असेल तरच घ्यावी.

आपल्या भागापुरता या विम्याचा एक जास्तीचा फायदा आहे. आपले रुग्ण बेळगावात बरे झाले नाहीत तर मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोवा किंवा बंगळूरचे किदवाई कर्करोग रुग्णालय अशा दिशांना जातात, आणि राज्याची हद्द ओलांडली की राज्याच्या योजनेचे नियम बदलतात. गंभीर आजाराच्या विम्यात निदान योग्य तज्ज्ञाने केलेले असले की उपचार हद्दीच्या अलीकडे झाले की पलीकडे, याने फरक पडत नाही. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असते. मिरजेतली खोली, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, रोजची बस, डबा, हे कोणत्याही बिलात दिसत नाही आणि कोणताही मेडिक्लेम ते देत नाही.

रक्कम किती असावी

एजंट सरसकट २५ लाख सुचवतात. हिशेब मात्र आपला आपण करावा. समजा, एका पर्यवेक्षकाच्या घराचा महिन्याचा खर्च २०,०००, घरकर्जाचा हप्ता ८,००० आणि मुलांच्या फीसाठी सरासरी ३,००० लागतात. हे ३१,००० झाले. कामावर पूर्ववत रुजू होण्यास दोन वर्षे धरली तर ७,४४,०००. येण्या-जाण्याचे आणि राहण्याचे ८०,००० धरले की ८,२४,०००. त्यातून पतसंस्थेतील १,५०,००० ची ठेव आणि पत्नीच्या शिवणकामाचे महिना ५,००० प्रमाणे दोन वर्षांचे १,२०,००० वजा केले तर ५,५४,००० उरतात. म्हणजे या घराला सहा लाखांची पॉलिसी पुरते, आणि २५ लाखांचा हप्ता तिसऱ्या वर्षी थकवण्यापेक्षा सहा लाखांचा हप्ता पंधरा वर्षे भरणे केव्हाही चांगले.

हप्त्यावर कर लावला जातो का, तेही पाहावे. वैयक्तिक आरोग्य विमा आणि जीवन विमा यांच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. गटविम्याला ती सवलत नाही. आयकरातील आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०डी) फक्त जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना मिळते, त्यामुळे ‘टॅक्स वाचतो’ एवढ्या कारणाने पॉलिसी घेऊ नये.

ही पॉलिसी स्वतंत्र घ्यावी की टर्म विम्याला रायडर, म्हणजे जोड-संरक्षण, म्हणून जोडावी, याचे उत्तर एका शब्दावर अवलंबून आहे. रायडर ‘ॲक्सिलरेटेड’ प्रकारचा असेल तर आजारात दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या विम्यातून वजा होते. तीस लाखांच्या टर्ममधून दहा लाख आजारात मिळाले तर मागे वीसच राहतात. अतिरिक्त प्रकारच्या रायडरमध्ये मूळ रक्कम शाबूत राहते. रायडरचा हप्ता बरेचदा दीर्घ मुदतीसाठी स्थिर असतो, तर दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या स्वतंत्र पॉलिसीत तो वयाबरोबर चढतो. उलट स्वतंत्र पॉलिसीत आजारांची निवड मोठी असते. कर्ज काढताना बँकेने किंवा पतसंस्थेने सोबत एखादा विमा चिकटवला होता का, तेही तपासावे. त्यात गंभीर आजार आधीच समाविष्ट असू शकतो.

अर्ज भरताना

अर्ज इंग्रजीत असतो, एजंट घाईत असतो आणि आपण फुलीच्या खुणेजवळ सही करतो. पुढे दाव्याच्या वेळी हाच अर्ज समोर येतो. प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून मागावा, उत्तर आपण सांगावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत घ्यावी. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक स्थानिक भाषेत मागता येते. मराठी प्रत हवी असल्याचे लेखी कळवावे.

तंबाखूचा प्रश्न विशेष जपून हाताळावा. अर्जात कोणत्याही रूपातील तंबाखू विचारलेला असतो. सिगारेट-विडी नाही म्हणून पुरुष ‘नाही’ लिहितात आणि गायछापची पुडी खिशात असते. बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत, पण ती भाजलेला तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाचे केसपेपर लिहिताना डॉक्टर ‘पंधरा वर्षे मिश्री’ अशी नोंद करतात आणि तेवढ्यावर दावा अडकतो. खरे लिहिले तर हप्ता थोडा वाढेल, तो वाढू द्यावा. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांनाही हेच लागू आहे. आरोग्य विमा सलग पाच वर्षे चालू राहिल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला माहिती दडवल्याचे कारण काढता येत नाही, पण आजार त्या मुदतीची वाट पाहील, याची हमी कोण देणार?

नावाचेही पाहावे. आपल्याकडे आधार कन्नड-इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत आणि उतारा तिसऱ्याच स्पेलिंगने असतो. पॉलिसीवरील, आधारवरील आणि बँक खात्यावरील नाव एकसारखे करून घ्यावे. वर्षभराच्या किंवा अधिक मुदतीच्या पॉलिसीचा कागद हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. व्याख्या वाचण्यासाठी हेच दिवस वापरावेत.

दावा अडकला तर

बायोप्सीचा अहवाल, पहिला ईसीजी, ट्रोपोनिनचा निकाल, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नयेत. झेरॉक्स द्यावी आणि पोच घ्यावी. नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मार्गदर्शनासाठी विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे. कर्नाटकाचे लोकपाल बंगळूरला आहेत. पण तक्रारदाराचा पत्ता किंवा ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती शाखा, यांपैकी कोणतेही ठिकाण अधिकारक्षेत्रासाठी चालते. त्यामुळे निपाणीच्या माणसाने पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असेल आणि तक्रार त्या शाखेविरुद्ध असेल, तर त्याला पुण्याच्या लोकपालाकडेही दाद मागता येते. मराठी कागदांवर मराठीत बोलणे ज्यांना सोयीचे वाटते, त्यांनी पॉलिसी कोणत्या शाखेतून घ्यायची, हे ठरवतानाच ही गोष्ट ध्यानात ठेवावी.